मॅश कार्यक्षमता (घरगुती बिअरनिर्मिती)

मॅश म्हणजे दळलेले माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गरम पाण्यात भिजवणे. माल्टमधून मिळू शकणाऱ्या अर्कापैकी, म्हणजे मुख्यतः शर्करेपैकी, प्रत्यक्षात किती वर्टमध्ये (निथळून आलेल्या गोड द्रवात) उतरला याचे टक्केवारीतील माप. तयार माल्ट अर्क न वापरता थेट धान्यापासून बिअर करणाऱ्यांना कृतीत किती माल्ट धरायचे हे यावरून ठरवता येते. फिकट माल्टच्या वजनाच्या साधारण ८० टक्के अर्क मिळू शकतो. ५ किलोतून ४ किलो. उकळण्यापूर्वी २५ लिटर वर्ट १.०४८ विशिष्ट गुरुत्वाचे (सुमारे १२ प्लेटो, म्हणजे वजनाने १२ टक्के अर्क) भरले, तर त्यात ३.१ किलोच्या आसपास अर्क असतो. कार्यक्षमता झाली ७८-७९ टक्के.

हा आकडा दोन टप्प्यांचा गुणाकार आहे: स्टार्चचे शर्करेत रूपांतर आणि त्या शर्करेचा निचरा. ९५ टक्के रूपांतर आणि ८० टक्के निचरा झाला, तर हाती ७६ टक्के येतात. सुधारणेला हात घालण्याआधी गळती कोणत्या टप्प्यात आहे हे शोधावे, नाहीतर नुसतीच धडपड होते. त्याची सोपी तपासणी अशी: ५ किलो माल्ट १५ लिटर पाण्यात भिजवले, तर धुण्याआधीच्या, म्हणजे चोथ्यावर आणखी गरम पाणी घालण्याआधीच्या, पहिल्या वर्टची घनता २१ प्लेटोच्या जवळपास यायला हवी. ती १७ भरली तर स्टार्च दाण्यातच अडकला आहे. २१ भरूनही शेवटचा आकडा पडला, तर दोष निचऱ्याचा.

रूपांतर अपुरे राहण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जाड भरड. अख्खे दाणे तसेच राहिले तर तासभर मॅश करूनही त्यांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. रोलर गिरणीतील फट बहुधा ०.९ ते १ मिलिमीटर ठेवतात. त्याहून बारीक दळले तर टरफले चिरडतात आणि गाळणथर तुंबतो. यावर चांगला उपाय म्हणजे दळण्याआधी माल्टवर त्याच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी फवारणे. टरफले चिवट होऊन अखंड राहतात आणि गाभा बारीक दळता येतो. पिशवीत मॅश करणाऱ्यांना तुंबण्याची फारशी धास्ती नसल्याने त्यांनी आणखी बारीक दळायला हरकत नाही.

मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ दरम्यान असावा. अल्कली पाण्यात नुसते फिकट माल्ट घेतले की तो वर सरकतो. तेव्हा लॅक्टिक आम्ल किंवा कॅल्शियमचे क्षार वापरतात. तापमान ६२ ते ६९ अंश सेल्सिअस ठेवावे आणि सुरुवातीलाच गुठळ्या मोडाव्यात.

निचऱ्याच्या वेळी दर किलो माल्टमागे साधारण एक लिटर वर्ट चोथ्यात अडकून राहते, म्हणून जास्त माल्टच्या दाट बिअरमध्ये कार्यक्षमता घटणारच. टप्प्याटप्प्याने धुताना दोन्ही वेळचे वर्ट जवळपास सारख्या प्रमाणात काढावे आणि दुसरे पाणी घातल्यावर नीट ढवळावे. सतत पाणी सोडण्याच्या पद्धतीत मात्र घाई महागात पडते: पाणी थरात वाटा पाडून निघून जाते आणि कडेची शर्करा जागच्या जागी राहते. शेवटचा थेंब पिळण्याचा हव्यासही बरा नव्हे, कारण वर्ट १.०१० च्या खाली गेले आणि पीएच ६ च्या वर चढला की टरफलांतील टॅनिन उतरून तुरटपणा येतो.

कधी कधी मॅश ठीक असतो, मापच चुकलेले असते. गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर (घनतामापक) कमी आकडा दाखवतो. तसेच भांड्यात दाट वर्ट तळाशी आणि पातळ वर राहते. न ढवळता वरून नमुना घेतला तर कार्यक्षमता उगीचच कमी दिसते.