खग्रास लागला की दुर्बिणीची रांग थांबवा

चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं आणि आकाशदर्शनाला पौर्णिमेइतकी गैरसोयीची रात्र नाही. चांदण्यात आकाशगंगा पुसली जाते. खुद्द चंद्रही दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण ऊन अगदी समोरून पडतं आणि विवरांच्या सावल्याच उरत नाहीत. पण एरवी मान वर न करणारी माणसंही ग्रहणाला घराबाहेर येतात. ती संधी नीट वापरायची, तर त्या रात्रीचा कार्यक्रम उजेडाच्या चढउताराप्रमाणे आखायला हवा.

वेळापत्रकासाठी पंचांगातले शब्द फार नेमके आहेत: स्पर्श (पृथ्वीची गडद सावली चंद्राला टेकते), संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जातो, खग्रास सुरू), मध्य, उन्मीलन (चंद्र सावलीतून बाहेर पडू लागतो, खग्रास संपतं), मोक्ष (सावली पूर्ण सुटते). लोकांना स्पर्शाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बोलवावं. चंद्र उपच्छायेत, म्हणजे सावलीच्या बाहेरच्या फिकट भागात, शिरतो ती वेळ जाहीर केली, की लोक तेव्हाच येतात, बराच वेळ त्यांना काहीच फरक दिसत नाही आणि काही जण कंटाळून परतही जातात. ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणात उपच्छायेपासून स्पर्शापर्यंत जवळपास एक तास गेला. स्पर्श ते संमीलन ६३ मिनिटं आणि खग्रास अवस्था ८२ मिनिटं होती.

स्पर्शानंतरचा तास दुर्बिणीचा. पृथ्वीच्या सावलीची कड धुरासारखी, विस्कटलेली असते. ती टायको किंवा कोपर्निकस विवरावर पोहोचते, तेव्हा एकाने डोळा लावून ‘आता!’ म्हणावं आणि दुसऱ्याने घड्याळ वाचून वेळ टिपावी. अशाच नोंदींवरून कळलं, की ही सावली साध्या भूमितीच्या हिशेबापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी मोठी असते. तो पृथ्वीच्या वातावरणाचा परिणाम. एखाद्या शाळकरी मुलीने घेतलेली वेळ त्याच प्रकारचं मोजमाप असते, हे तिला तिथेच आवर्जून सांगावं.

संमीलन झालं की मात्र रांग थांबवा. माझं हे मत अनेक संयोजकांना पटत नाही. पण चंद्राचा उजेड आता दहा हजार पटींनी किंवा त्याहूनही अधिक घटलेला असतो. मघाशी कोरं वाटणारं आकाश ताऱ्यांनी भरू लागतं आणि शहरापासून दूर असाल तर आकाशगंगेचा पट्टाही उमटतो. पौर्णिमेच्या रात्री हे दिसत असताना कुणाला रांगेत का उभं करायचं? सतरंज्या अंथरा, लोकांना आडवं होऊ द्या. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ती कमाई घालवतो. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद आधीच बांधून ठेवावा.

चंद्राचा तांबूस रंग हा पृथ्वीच्या कडेने, वातावरणातून वळून गेलेला सूर्यप्रकाश असतो. त्या क्षणी पृथ्वीभोवती होणाऱ्या सगळ्या सूर्योदय-सूर्यास्तांचा. तो किती गडद आहे, याला दांजाँ मापनात शून्य ते चार अंक देतात. शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य, चार म्हणजे झळझळीत तांब्यासारखा. प्रत्येकाने शेजाऱ्याला न विचारता आपला अंक कागदावर लिहावा. पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ मधल्या उद्रेकानंतर, डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र विलक्षण काळवंडला होता. आपल्या हवेत किती धूळ आहे, हे असं चंद्रावर वाचता येतं.

मोक्षापर्यंत थोडेच लोक थांबतात, म्हणून पुढचं आमंत्रण खग्रास चालू असतानाच द्यावं. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य पंचमीच्या संध्याकाळी तीन-चार तास अंधार मिळतो: ती रात्र ताऱ्यांची. आणि विवरं बघायला शुद्ध अष्टमी, लांब सावल्यांसकट.