नाकात मांस वाढलंय म्हणे, पण ते पॉलिप आहे की इन्व्हर्टेड पॅपिलोमा?

आमच्या बाबांची उजवी नाकपुडी दीड वर्ष बंद होती. बिल्डिंगसमोर बांधकाम चालू, मुंबईची धूळ, म्हणजे अ‍ॅलर्जीच असणार असं आम्हीच ठरवून टाकलं, डॉक्टरही म्हणाले मांस वाढलंय, स्प्रे मारा. डावी नाकपुडी पहिल्यापासून मोकळी होती, हे मात्र कोणीच मनावर घेतलं नाही. शेवटी परळला एका ईएनटीवाल्या मॅडमनी नाकाखाली थंड स्टीलची पट्टी धरली, श्वास सोडायला लावला, तर पट्टीवर वाफेचा एकच डाग. लगेच दुर्बीण घातली त्यांनी.

साधा पॉलिप म्हणजे नाकाचं आतलं अस्तर सुजून लोंबतं, सोललेल्या द्राक्षासारखं फिकट, गुळगुळीत. तो बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो, सोबत अ‍ॅलर्जी नाहीतर दमा असू शकतो, वास जातो, आणि स्टेरॉइड स्प्रेने तो आक्रसतो.

इन्व्हर्टेड पॅपिलोमा ही खरीखुरी गाठ आहे, कमी लोकांना होते, जास्त करून पन्नाशी-साठीतल्या पुरुषांना, आणि जवळजवळ नेहमी एकाच बाजूला. दिसायला तुतीसारखी खडबडीत, कधी रक्तही येतं. इन्व्हर्टेड का, तर हिचं अस्तर बाहेर फुगण्याऐवजी खालच्या पेशीजालात आत आत घुसत जातं. स्प्रेने ती जात नाही, आणि शंभरात साधारण 5 ते 10 जणांमध्ये तिच्यात कॅन्सर सापडतो, म्हणून एवढं जीव तोडून लिहितेय.

नुसतं बघून मोठे डॉक्टरही फसू शकतात. सीटी स्कॅनमध्ये गाठ जिथे चिकटलेली असते तिथलं हाड बऱ्याचदा जाड झालेलं दिसतं, एमआरआयमध्ये मेंदूच्या वळ्यांसारख्या रेघा दिसतात, पण पक्कं सांगते ती बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. (वयात येणाऱ्या मुलाचं एकाच बाजूने नाक बंद आणि सारखं रक्त येत असेल तर आधी स्कॅन, मगच तुकडा, कारण त्या वयात रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, तिला धक्का लागला तर रक्त थांबता थांबत नाही.)

ऑपरेशन दोन्हींचं बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच होतं, वरून सारखंच वाटतं, पण पॉलिपमध्ये मांस काढून सायनसची वाट मोकळी केली की पुढे स्प्रेवर सांभाळता येतं, पॅपिलोमात मूळ जिथे आहे तिथलं अस्तर खरवडून खालचं हाडसुद्धा ड्रिलने घासावं लागतं. मूळ राहिलं की गाठ परत येते.

ऑपरेशननंतर मॅडमनी मला फॉर्मलिनच्या (तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रावाच्या) दोन डब्या दाखवल्या, एकीवर "गाठ", दुसरीवर "मूळ" असं लिहिलेलं, दोन्ही पॅथॉलॉजीला गेल्या. तुमच्याकडे कोणाचं पॉलिपचं ऑपरेशन असेल तर काढलेलं सगळं तपासणीला जातंय ना, हे आधीच विचारा, फेकून दिलं तर नंतर काहीच कळत नाही. बाबांच्या रिपोर्टमध्ये इन्व्हर्टेड पॅपिलोमाच आला, कॅन्सर नव्हता. पण ही गाठ कित्येक वर्षांनीही परत येऊ शकते, त्यामुळे दर सहा महिन्यांनी आम्ही दुर्बिणीला जातोच, नाक कितीही मोकळं असलं तरी.