मज्जारज्जूच्या इजेनंतरचे कॅलिपर

मज्जारज्जूच्या इजेमुळे पायांतील बळ पूर्ण किंवा काही प्रमाणात गेलेल्या व्यक्तीला उभे राहता आणि चालता यावे म्हणून पायांवर बाहेरून बांधायचा आधार. त्यात पॉलिप्रोपिलीनचे साचे, अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा पोलादी पट्ट्या आणि सांध्यांपाशी कुलूप बसणाऱ्या बिजागऱ्या असतात.

इजेची पातळी आणि शिल्लक राहिलेले स्नायू पाहून कॅलिपर ठरतो. मांडीच्या पुढच्या स्नायूने गुडघा पेलत असेल, तर घोट्याचा आखूड कॅलिपर पुरतो. तो स्नायू गेला असेल, तर मांडीपर्यंतचा, गुडघ्याला कुलूप असलेला लांब कॅलिपर लागतो. छातीच्या पातळीवरील इजेत बहुधा कंबर आणि धडही बांधावे लागते. यातील एका प्रकारात दोन्ही खुब्यांचे सांधे केबलने जोडलेले असतात. एक खुबा मागे ताणला की दुसरा पाय पुढे येतो.

लांब कॅलिपरमध्ये उभे राहताना कंबर पुढे काढून खांदे मागे घेतात. खुब्याच्या पुढच्या बाजूचे भक्कम अस्थिबंध (हाडांना जोडणारे चिवट पट्टे) मग ताणले जातात आणि स्नायूंची साथ नसतानाही शरीर पेलून धरतात. खुबा किंवा गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला, की हा तोल साधतच नाही. म्हणून चालण्याची तयारी रुग्ण अंथरुणावर असतानाच सुरू व्हायला हवी: सांध्यांचे व्यायाम आणि, डॉक्टरांनी मुभा दिल्यावर, पालथे झोपणे.

उभे करताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, त्यामुळे सुरुवात टिल्ट टेबलवर, म्हणजे आडव्या रुग्णाला हळूहळू उभे करणाऱ्या कलत्या टेबलावर, होते. पुढे समांतर दांडे, मग वॉकर किंवा कुबड्या. संवेदना गेलेल्या त्वचेवर पट्टा रुतला तरी कळत नाही. कॅलिपर काढल्यावर प्रत्येक वेळी आरशात त्वचा पाहावी. लाली लवकर ओसरली नाही, तर कॅलिपर दुरुस्त होईपर्यंत घालू नये. जुन्या इजेत हाडे ठिसूळ झालेली असतात, म्हणून पडण्याचा धोका गांभीर्याने घ्यावा.

पूर्ण इजेत, म्हणजे इजेखालची हालचाल आणि संवेदना पूर्ण गेलेली असताना, असे चालणे संथ आणि अतिशय दमवणारे असते. बराच भार खांदे आणि हातांवर येतो. त्यामुळे अनेकजण रोजच्या वावरासाठी व्हीलचेअरच पसंत करतात आणि कॅलिपर व्यायामापुरता ठेवतात. याला अपयश म्हणणे अन्यायाचे आहे. अपूर्ण इजेत मात्र आखूड कॅलिपरनेही घराबाहेरचे चालणे शक्य होऊ शकते.

पायांवर बाहेरून चढवायच्या, मोटरवर चालणाऱ्या यांत्रिक सांगाड्यांपैकी ‘रीवॉक’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 मध्ये परवानगी दिली. त्यासोबतही कुबड्या लागतात, आणि सांधे, हाडे व त्वचा यांची तपासणी आधी करावीच लागते.