कोठडीत मृत्यू किंवा मारहाण झाल्यास कुटुंबाने कुठे आणि कसा अर्ज करायचा

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी कुणाच्या मेहेरबानीने होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे पोलीस कोठडीत किंवा न्यायालयीन कोठडीत मृत्यू, बेपत्ता होणे किंवा बलात्कार घडला, तर पोलीस तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्यांची वेगळी चौकशी व्हावीच लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १७६ (१अ) होते. नातेवाइकांनी अर्ज केला नाही तरी ही चौकशी होते, पण तेव्हा फाइलीत एकाच बाजूचे कागद असतात. म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्याच, आणि पहिल्याच दिवशी द्या.

मृत्यूनंतर २४ तासांत शव तपासणीसाठी पाठवायचे, आणि शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचे, हे कायद्यातच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सूचनांनुसार शवविच्छेदनाचे व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवे. शव ताब्यात घेण्याआधी हे लेखी मागा. इन्क्वेस्ट पंचनामा (शवाची बाहेरून पाहणी करून केलेली नोंद) वाचल्याशिवाय सही करू नका. तळपाय, मनगटे, पाठ, मांड्यांची मागची बाजू यांवरच्या खुणा त्यात आल्यात का ते बघा. आल्या नसतील तर सहीजवळ स्वतःच्या हाताने लिहा, ‘दोन्ही तळपायांवर काळेनिळे वळ आहेत, नोंद घेतलेली नाही.’ त्या गडबडीत ‘आधी अंत्यविधी उरकून घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. एकदा दहन झाले की दुसऱ्यांदा तपासणीचा मार्गच बंद होतो.

दुसरा अर्ज सीसीटीव्हीचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे लावून चित्रण १८ महिने आणि तेवढी सोय नसेल तर किमान एक वर्ष ठेवण्याचा आदेश दिला. अर्जात इतकेच पुरे: ‘दि. … रोजी … वाजल्यापासून दि. … पर्यंत लॉकअप, ठाणे अंमलदार कक्ष व प्रवेशद्वाराचे चित्रण जतन करावे, तसेच स्टेशन डायरीच्या नोंदी सुरक्षित ठेवाव्यात.’ एक प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना, एक चौकशी करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांना. दोन्हीकडची शिक्क्याची पोच घ्या.

गुन्हा नोंदवायला ठाणे नकार देणार हे गृहीत धरूनच चाला. मग नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७३ (४) प्रमाणे तक्रार पोस्टाने अधीक्षकांकडे, आणि तिथेही काही झाले नाही तर कलम १७५ (३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. कर्तव्यावरच्या लोकसेवकाविरुद्ध तक्रार असेल तर न्यायालय त्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे मागवते, त्यात वेळ जातो. तरी चिकाटी सोडू नका. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये अटक झालेल्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली, जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

मानवी हक्क आयोगाकडे पीडित स्वतः किंवा त्याच्या वतीने कुणीही तक्रार करू शकते. मराठीत, साध्या कागदावर, फी नाही. मुदत घटनेपासून एक वर्ष. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही, तेव्हा दोन्हीकडे एकदम अर्ज टाकू नका. आयोग शिक्षा देत नाही. तो भरपाईची आणि खटला चालवण्याची शिफारस करतो. आयोगात अर्ज दिला म्हणून गुन्हा नोंदवण्याचा पाठपुरावा थांबवणे ही कुटुंबांना फार महाग पडणारी गफलत आहे.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हा आणखी एक मार्ग. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालातून हे आले. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी इथे चालतात, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. मात्र हे फक्त पोलिसांबाबत. तुरुंग कर्मचाऱ्यांनी मारले असेल तर कारागृह विभाग वेगळा आहे, तिथे आयोग आणि न्यायालय हेच रस्ते.

कागद कोणते लागतात? अटकेचा पंचनामा आणि नातेवाइकांना दिलेली अटकेची सूचना, रिमांडच्या आदेशाची प्रत, अटकेवेळचा वैद्यकीय तपासणी अहवाल, शवविच्छेदन अहवाल, जखमांचे फोटो, मृत्यू प्रमाणपत्र, मृताशी नाते दाखवणारा पुरावा. यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे अटकेवेळचा वैद्यकीय अहवाल. त्यात अंगावर जखम नाही असे लिहिले असेल आणि शवविच्छेदनात जखमा निघाल्या, तर त्या कुठे झाल्या याचे उत्तर कोठडी सांभाळणाऱ्यालाच द्यावे लागते. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अजून कोठडीत असलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर अर्जाच्या वरच तसे लिहा, उत्तर ४८ तासांत देणे बंधनकारक आहे.

वकिलाच्या खर्चासाठी अडू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतले लोक यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नसते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.