वाकणे वाचवणारी साधने

जमिनीवर वस्तू ठेवणे, उचलणे किंवा मातीत रोवणे ही कामे ताठ उभे राहून करता यावीत म्हणून घडवलेली लांब दांड्याची, नळीची वा चिमट्याची साधने. गोल्फमध्ये ती मुख्यतः वयस्क आणि अपंग खेळाडूंसाठी बनतात. विदर्भाच्या शेतीतला सरता, सायकल डवरा आणि टोकण यंत्र ही याच जातीची अवजारे. मात्र त्यांच्याकडे अपंगांच्या सोयीची साधने म्हणून सहसा पाहिले जात नाही. ती तशी पाहिली, तर गोल्फच्या साधनांत सोडवलेले काही प्रश्न शेतातही सुटतील.

माणूस कंबरेतून पुढे वाकला की धडाचा भार मणक्याच्या खालच्या चकत्यांवर येतो. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात या चकत्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजला. उभ्याने पुढे वाकल्यावर तो ताठ उभे असतानाच्या सुमारे दीडपट भरला. हातात वजन असेल तर तो आणखी वाढतो. न वाकता येण्याची कारणे मात्र पाठीपुरती नाहीत. गुडघेदुखी, पक्षाघात, कृत्रिम पाय, तोल जाणे, अशी कितीतरी आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा ढासळू शकतो, आणि मग ऐन पंचविशीतल्या तरुणालाही उकिडवे बसता येत नाही. वाकणे वाचवणारे साधन म्हणजे म्हातारपणाची सोय, ही समजूत विदर्भात तरी टिकत नाही.

गोल्फ न पाहिलेल्याला विटी-दांडूवरून कल्पना येईल. गलीवर विटी ठेवायला दरवेळी खाली जावे लागते, तसे गोल्फमध्ये प्रत्येक होलच्या, म्हणजे खुंटीपासून खळग्यापर्यंतच्या टप्प्याच्या, सुरुवातीला ‘टी’ नावाच्या खुंटीवर चेंडू ठेवायचा आणि शेवटी १०८ मिलिमीटर रुंदीच्या खळग्यातून तो काढायचा. १८ होलच्या खेळात हेच किमान ३६ वेळा वाकणे झाले. मध्येच चेंडूच्या जागी खूण करणे, चेंडू उचलणे, टी परत घेणे वेगळेच. पूर्वी टीच्या जागी ओल्या वाळूची ढेकळी करत. अमेरिकेतले दंतवैद्य जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट यांनी १८९९ मध्ये लाकडी टीचे पेटंट घेतले. पुढे अशी टी रुळली तसे हात वाळूने माखणे थांबले, पण वाकणे राहिलेच.

ते टाळायला आता तीन प्रकारची साधने वापरतात. लांब दांड्याच्या टोकाचा चिमटा टी आणि चेंडू एकत्र धरतो, टी जमिनीत दाबली की मुठीजवळची खटकी दोन्ही सोडते. पटर या काठीच्या मुठीला बसवलेली रबरी वाटी चेंडूवर दाबली की तो खळग्यातून वर येतो. तिसरी साधी नळी: चेंडूवर टेकवून दाबायची, तोंडाजवळची लवचीक कड त्याला आत घेते आणि खाली पडू देत नाही. चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते. एवढ्या हलक्या वस्तूला ताकद लागतच नाही. अडचण ओझ्याची नाही, अंतराची आहे, आणि या साधनांची सगळी रचना तेवढे एक अंतर कापण्यासाठी आहे. नियमांनीही हळूहळू वाट करून दिली. अपंग खेळाडूंसाठीचे बदल १ जानेवारी २०२३ पासून गोल्फच्या मुख्य नियमावलीतच नियम २५ म्हणून आले.

विदर्भात हे अंतर बाईने चालत कापले. तिफणीमागे दोरीने बांधलेला सरता म्हणजे बांबूची पोकळ नळी, वर वाटीसारखे चाडे. बाई एका हाताने नळी सावरते, दुसऱ्या हाताच्या मुठीतून तुरीचे दाणे चाड्यात सोडत बैलांच्या चालीने चालते. दाणा नळीतून थेट तासात, म्हणजे तिफणीने पाडलेल्या चरात, पडतो. बोटांची सैल-घट्ट हालचाल एवढेच तिचे मोजमाप, आणि पूर्ण धुऱ्यापर्यंत तिची पाठ सरळ राहते. टी लावायच्या साधनाचे तत्त्व याहून वेगळे नाही.

सरकीची टोकणी हाताने करताना मात्र पाठ वाचत नाही. ९० बाय ६० सेंटिमीटरवर कपाशी लावली तर एकरात सुमारे ७,५०० जागा येतात, आणि प्रत्येक जागेला एकदा वाकायचे. गोल्फचे ३६ या आकड्याशेजारी ठेवून पाहावेत. पुढे निंदण, आणि मग वेचणीत ओटीचे वजन पोटाशी घेऊन पुन्हा खालच्या बोंडांपर्यंत जाणे. टोकण यंत्र यातल्या टोकणीचा त्रास घालवते. त्याची चोच मिटलेली मातीत जाते, आत उघडते, बी सोडते. डवऱ्याने, म्हणजे कोळप्याने, आणि जुन्या सायकलच्या चाकावर बनवलेल्या सायकल डवऱ्याने रांगांमधले निंदण उभ्याने होते. झाडाच्या बुडाशी मात्र खुरपेच लागते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत कोनो वीडर (उभ्याने ढकलायचे निंदणीचे यंत्र) चालतो, पण रोवणी ओळीत असेल तरच, आणि हाताने होणारी ती रोवणी वाकूनच करावी लागते.

काही वेळा दांडा उपयोगाचा नसतो, जमीनच बदलावी लागते. मोहफुले एकेक करून वेचण्याऐवजी झाडाखाली जाळी बांधली की फुले जाळीत जमतात. गोल्फच्या सराव मैदानावर चेंडू गोळा करायला फिरते पिंजरे ढकलतात. मोहफूल इतके नाजूक आणि रसाळ की तसल्या पिंजऱ्यात त्याचा लगदा होईल. म्हणून येथे जाळीच बरी.

गोल्फचे साधन गावातल्या लोहाराकडूनही होते. सिंचनाची ५० मिलिमीटरची पातळ भिंतीची पाइप घेतली तर ४२.६७ मिलिमीटरचा चेंडू तिच्यातून जातो. पाइपची लांबी ठरवताना माणसाला उभे करून मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे, छापील माप घेऊ नये. तोंडाजवळ समोरासमोर भोके पाडून सायकलच्या ट्यूबची पट्टी आडवी ताणली की चेंडू अडकतो. ज्याच्या बोटांत जोर नाही त्याला खटकी झेपत नाही. त्याच्यासाठी दाबाने चालणारी रचना करावी, म्हणजे शरीराचे थोडे वजन टाकले की काम होते.

काळी माती मात्र कारागिराची परीक्षा पाहते. उन्हाळ्यात ती इतकी कडक होते की लाकडी टी मोडते. तेव्हा दांड्याच्या टोकाला लोखंडी खिळा बसवून आधी भोक पाडावे, नाहीतर चटईवर ठेवायची रबरी टी घ्यावी. पावसाळ्यात हीच माती तोंडाशी चिकटून बसते. टोकण यंत्राची चोचही अशीच चोंदते, आणि शेतकरी ती काडीने उकरून साफ करतो. ज्याला वाकता येत नाही त्याने ही चोच साफ करायची कशी? दांडा आडवा धरून, तोंड कमरेपर्यंत आणून साफ करता आले पाहिजे. म्हणजे साधन हलके हवे आणि तोंडाचा भाग उघडता यायला हवा. ४५ अंशांच्या उन्हात रबर लवकर कडक होऊन चिरते, म्हणून वाटी आणि पट्टी बदलता येण्याजोगी ठेवावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते साधन हातून पडण्याकडे. चेंडू उचलायची काठीच जमिनीवर पडली, तर ती उचलायला पुन्हा कुणाला तरी हाक मारावी लागते. मनगटात अडकवायचा दोरीचा फास हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. मुठीखाली मुडपून ठेवलेली आणि मातीत रोवता येणारी टोकदार दांडी हा दुसरा. तिसरा उपाय म्हणजे मुठीला आडवी पट्टी जोडणे: काठी पडली तरी पट्टीमुळे तिचे एक टोक जमिनीपासून चार बोटे वर राहते, आणि पायाचा पंजा त्याखाली घालून ती उचलता येते.