नकाशा काढणारे आणि भूगोल शिकणारे : उशिरा झालेल्या भेटीची पार्श्वभूमी

भूमी अभिलेख विभागाची भूकरमापक पदाची जाहिरात निघाली की भूगोल घेऊन पदवीधर झालेले अनेक विद्यार्थी शैक्षणिक अर्हतेचा मजकूर दोनदा वाचतात. तेथे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा दहावीनंतरचा आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम मागितलेला असतो. तीन वर्षे नकाशाप्रमाण, प्रक्षेपण आणि समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) शिकलेल्या, प्लेन टेबल हे मोजणीचे मेज लावून महाविद्यालयाच्या मैदानाचा नकाशा स्वतःच्या हाताने काढलेल्या विद्यार्थ्याला हे अन्यायाचे वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे मूळ फार मागे आहे. आपल्याकडे नकाशा तयार करण्याचे काम एका घरात वाढले आणि भूगोलाचे शिक्षण दुसऱ्या. त्या दोन घरांमध्ये दीडशेहून अधिक वर्षे फारसे येणे-जाणे नव्हते.

ईस्ट इंडिया कंपनीने १७६७ मध्ये जेम्स रेनेल याची बंगालचा सर्व्हेअर जनरल म्हणून नेमणूक केली, तेथपासून आजच्या भारतीय सर्वेक्षण विभागाचा इतिहास मोजला जातो. फौज कोणत्या वाटेने न्यायची आणि सारा कोठून किती येईल, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या नकाशांकडून हवी होती. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजली आणि त्या एका कामाला ५७ दिवस लागले. एकदा ही रेषा अचूक हाती आली की तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे थिओडोलाइट रोखून कोन मोजायचे, त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या आणि त्यांतल्या एका बाजूलाच पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा मानून उत्तरेकडे सरकायचे, अशी ही पद्धत होती. अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत हे काम दोन दशके चालले. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. विदर्भातील महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी आपली एक अभ्यास सहल तिकडे न्यावी, इतके त्या जागेचे मोल नक्कीच आहे.

लॅम्बटननंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आले. त्याने १८३१ मध्ये कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील राधानाथ सिकदार या तरुणाला घेतले. सिकदार पुढे विभागाचे मुख्य ‘कॉम्प्युटर’ झाले. त्या काळी हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसाला लावत असत. निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेली निरीक्षणे जुळवून, प्रकाशकिरण हवेतून येताना किती वाकतो याचा हिशेब धरून, शिखर क्रमांक १५ ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट ठरली, ती या आकडेमोडीतून. दुसरीकडे नैनसिंह रावत या कुमाऊँमधील शाळामास्तरांना डेहराडूनला शिकवून गुपचूप मोजणीसाठी तिबेटात धाडण्यात आले. त्यांची चाल अशी बसवलेली होती की दोन हजार पावलांत एक मैल भरावा. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवलेले होते आणि दर शंभर पावलांना एक मणी सरकत असे. मोजलेल्या अंतरांची टिपणे प्रार्थनाचक्रात लपवली जात. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना १८७७ मध्ये सुवर्णपदक दिले. या दोघांपैकी कोणीही भूगोलाचा पदवीधर नव्हता, कारण तशी पदवीच देशात नव्हती. नकाशाच्या कामाला गणित, चिकाटी आणि शिस्त लागते, एवढेच विभागाला ठाऊक होते आणि माणसे निवडण्याची हीच रीत पुढे रुजली.

आपल्या भागात नकाशाची गाठ थेट शेताच्या बांधाशी पडली. पहिली जमीन पाहणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. ३३ फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे, असे हे माप होते. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आजही जमिनीच्या व्यवहारात याच मापात बोलले जाते. टिपण, फाळणी, गट नकाशा, हद्दीच्या खुणा हे शब्द याच परंपरेतले आहेत. भूकरमापकाची विद्या बांधावर, वरिष्ठाच्या हाताखाली शिकली गेली. पुढे तिला आयटीआय आणि तंत्रनिकेतनांचा आधार मिळाला. कला शाखेशी तिचा संबंध आलाच नाही, आणि आरंभी सांगितलेल्या जाहिरातीतील अट तेथून आलेली आहे.

महाविद्यालयातील भूगोल वेगळ्या गरजेतून आला. १९२०च्या दशकात अलीगढसारख्या मोजक्या ठिकाणी स्वतंत्र विभाग सुरू झाले, कलकत्त्यात पदव्युत्तर वर्ग १९४१ मध्ये आले आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्यांपुढचा मुख्य मार्ग शिक्षकी पेशाचा होता. महाराष्ट्रातही ‘भूगोल घेतला’ याचा अर्थ ‘बीएड करून शाळेत लागणार’ असाच कित्येक वर्षे घेतला जाई. त्या शिक्षकांनी खेडोपाडी पृथ्वीगोल आणि भिंतीवरचा नकाशा पोहोचवला, हे काम लहान नव्हे. परंतु नकाशा वाचणारा आणि नकाशा घडवणारा यांच्यातील अंतर त्यामुळे तसेच राहिले. ते कमी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९५६ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय नकाशासंग्रह संस्थेने केला. शि. प्र. चटर्जी हे भूगोलाचे प्राध्यापक तिचे पहिले संचालक होते. पाऊस, पिके, लोकसंख्या, खनिजे यांचे वितरण दाखवणारे नकाशे हा भूगोलाच्या अभ्यासकाचा खास प्रांत आहे, ही गोष्ट सरकारी पातळीवर तेथे मान्य झाली. आज नॅटमो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने भूगोलाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नकाशाकाराची नोकरी दिली.

वर्गातील प्रात्यक्षिकांचा कणा मात्र सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली टोपोशीट, हाच राहिला. जुन्या क्रमांकपद्धतीत पुणे शहर ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ या दोन पत्रकांवर विभागले आहे, कारण साडेअठरा अंशांचे अक्षवृत्त शहरातूनच जाते. शनिवारवाडा एका पत्रकावर आणि कात्रज दुसऱ्यावर. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर अशा प्रमाणावर, वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या तपकिरी समोच्च रेषा डोंगराच्या सोंडेवर दाटतात आणि नदीकाठी विरळ होतात. पेन्सिलीने त्यांवर आडवी रेषा मारून आलेख कागदावर उंचसखलपणाचा छेद उतरवताना विद्यार्थ्याला रोज डोळ्यांनी दिसणारा घाट पहिल्यांदा कागदावर भेटतो. भूगोलाच्या शिक्षणातील हा सर्वांत मोलाचा तास आहे, असे मी मानतो. दुर्दैवाने सीमेलगतची आणि किनारपट्टीलगतची पत्रके दीर्घकाळ प्रतिबंधित होती. परिणामी कोकणातील महाविद्यालयांना स्वतःच्या तालुक्याचे पत्रक सहज मिळत नसे आणि तेथील मुलांना परमुलखातल्या डोंगरांवर सराव करावा लागे.

दोन्ही घरांमधील दार उघडले ते आकाशातून. डेहराडून येथे १९६६ मध्ये, नेदरलँड्सच्या साहाय्याने, हवाई छायाचित्रे वाचण्याचे प्रशिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची भारतीय सुदूर संवेदन (विमानातून वा उपग्रहातून, दुरूनच जमिनीची माहिती घेणे) संस्था ती हीच. एकाच जागेची, थोड्या अंतरावरून घेतलेली दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली सरकवत नेली की क्षणात सपाट कागदावर टेकडी उभी राहते. पण ती टेकडी बेसॉल्टची आहे की जांभ्याची, तिच्या पायथ्याचा हिरवा पट्टा उसाचा आहे की बाभळीचा, हे ओळखण्यासाठी जमीन, पाणी आणि माणसाचा वापर यांची जाण लागते, आणि ती भूगोल व भूशास्त्र शिकलेल्यांकडे होती. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा उपग्रह कक्षेत गेला आणि त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. पाणलोट क्षेत्रे, पडीक जमिनी, भूजल यांच्या नकाशांसाठी आता भूगोलाचा विद्यार्थी लागू लागला.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. ट्रेसिंग पेपर, रॉटरिंग पेन आणि प्रकाशमेज यांची जागा जीआयएसने, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती एकत्र हाताळणाऱ्या प्रणालीने, घेतली. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत असल्याने तालुक्याच्या महाविद्यालयातील साध्या संगणकावरही नकाशा तयार होऊ लागला. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि नागरिकांसाठीची अशा दोन स्वतंत्र मालिका केल्या. २०१७ मध्ये, विभागाला २५० वर्षे होत असताना, नागरी मालिकेतील पत्रके विनामूल्य उतरवून घेता येऊ लागली आणि १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीविना मोजणी करून नकाशे तयार करण्याची मोकळीक दिली. पुणे, हैदराबाद, नोएडा येथील कंपन्यांत जीआयएस विश्लेषक म्हणून शिरणाऱ्या पदवीधरांची वाट या निर्णयांनी रुंद केली. सुरुवातीचे काम बहुतेकदा उपग्रह प्रतिमेवरून रस्ते आणि इमारती गिरवण्याचे असते, ते कंटाळवाणे असते आणि पगारही बेताचा असतो, हे प्रवेश घेतानाच विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढे सरकतो तो ज्याला आकडेवारी, थोडे प्रोग्रॅमिंग आणि प्रत्यक्ष क्षेत्रभेट या तिन्हींत गती आहे. नेट-सेट देऊन अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा हे जुने मार्ग चालूच आहेत, परंतु आता ते एकमेव उरलेले नाहीत.

मोजणीच्या क्षेत्रातही बदल पोहोचला आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहण्यात आली आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजनेने हे काम देशभर नेले. आयआरएस-१एच्या एका कॅमेऱ्याला ७२.५ मीटरहून लहान वस्तू वेगळी दिसत नव्हती, तर ड्रोनच्या प्रतिमेत पाच सेंटिमीटरचा तपशील उमटतो. तरीही उड्डाणाच्या आधी कोणाला तरी गावातल्या बोळांतून फिरून प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढावी लागते. सामाईक भिंत कोणाची, परसातला गोठा कोणाच्या वाट्याचा, वाडवडिलांनी सोडलेली वाट नेमकी कोठून जात होती, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओट्यावर बसवून विचारल्याशिवाय ती रेघ पडत नाही.