विमान सोनेगावला, हवा कळसूबाईची

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या रनवेवर उभं असलेलं छोटं सेस्ना विमान जमिनीपासून इंचभरही वर गेलेलं नसतं, पण त्याच्या इंजिनला आणि पंखांना तेव्हा जी हवा मिळते ती साधारण ५,२०० फुटांवरची असते. चिखलदरा तर खालीच राहिलं, कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट आहे, म्हणजे त्याच्याही जेमतेम दोनशे फूट खाली. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. आणि नागपुरात खाजगी विमान ठेवायची हौस असेल तर घासाघीस करून विमान स्वस्तात कसं मिळवायचं यापेक्षा ही एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, बाकीचे बरेचसे सल्ले हिच्यातूनच निघतात.

हिशोब अवघड नाही. विमानाच्या मॅन्युअलमधले आकडे एका ठरवलेल्या हवेवर बेतलेले असतात, समुद्रसपाटीला १५ अंश आणि मग दर हजार फुटाला दोन अंश कमी. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडं वर. मे महिन्यात हवेचा दाब पण उतरलेला असतो, तो धरला की साधारण १,३०० फूट होतात (उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर १०१३ हेक्टोपास्कल दाब लावा, काटाच सांगेल). त्या उंचीला पुस्तकी तापमान १२ अंश, आणि आपल्याकडे ४५. प्रत्येक जास्तीच्या अंशामागे १२० फूट धरायचे, म्हणजे ३३ गुणिले १२०, झाले जवळपास ४,००० फूट, त्यात आधीचे १,३०० मिळवा. हेच जानेवारीच्या सकाळी १२ अंशांत केलं तर आकडा हजाराच्या आसपास येतो. तेच विमान, तोच रनवे. फक्त तापमान कुठून घेताय ते बघा, २०२४ च्या मे मध्ये नागपुरातल्या एका ऑटोमॅटिक केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली, नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला. विमानतळाचा मेटार, म्हणजे हवामानाचा रिपोर्ट घ्या, आणि डांबरावरची हवा त्याहूनही तापलेली असते हे धरून चाला.

आता यानं होतं काय, तर सगळंच एकदम बिघडतं. तापलेली हवा पसरते, तेवढ्याच जागेत रेणू कमी, म्हणून सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी जातो आणि ताकद पडते, साध्या इंजिनात दर हजार फुटाला अंदाजे ३ टक्के. प्रोपेलर हीच विरळ हवा कापतो म्हणून ओढ कमी, पंखाखाली हीच हवा म्हणून उचल कमी. १५ अंशांवर समुद्रसपाटीला सेस्ना १७२ जेवढ्या अंतरात जमीन सोडतं त्याच्यापेक्षा चाळीसेक टक्के जास्त रनवे इथे मे मध्ये लागतो. नागपूरचा रनवे ३,२०० मीटरचा आहे, मोठ्या बोइंगसाठी बांधलेला, त्यामुळे छोट्या विमानाला काही जाणवतच नाही आणि इथेच घोळ होतो, सोनेगावला सवय लागते आणि मग माणूस एखाद्या छोट्या पट्टीवर जातो जिथे टोकाला झाडं असतात.

त्यात डोळे पण फसवतात. एअरस्पीडचा काटा त्याच विरळ हवेवर चालतो, त्यामुळे काट्यावर ५५ नॉट आले की पंखाला हवी तेवढी उचल मिळालेलीच असते, बाहेर मात्र जमीन ६० च्या जवळपास पळत असते. नवीन पायलटला वाटतं खूप वेग झाला, आता उचला, आणि तो काट्याच्या आधीच नाक वर ओढतो. विमान उठतंही, कारण जमिनीलगत हवेचा थोडा आधार मिळतो, पण पंखाच्या लांबीइतकं वर गेलं की तो आधार सुटतो आणि विमान ना वर जात ना खाली, झाडं समोर. तर भाऊ, काट्यावर जे दिसेल तेच खरं, खिडकीतून वेगाचा अंदाज बांधू नका. उतरतानाही हेच, काट्यावर नेहमीचाच वेग पण चाकं टेकतात जास्त वेगात, रनवे जास्त लागतो.

इलाज तसे साधे आहेत. पहिला म्हणजे वजन. १७२ ला चार सीट आहेत म्हणून चार माणसं बसतील असं नाही, जुन्या मॉडेलची मर्यादा १,०४३ किलो, रिकामं विमानच साडेसहाशे किलोच्या घरात, टाक्या फुल केल्या की शंभर-एक किलो त्यात जातात, उरलं काय तर सत्तर-सत्तर किलोची चार माणसं, तीही बॅगा घरी ठेवून. आपल्याकडे सावजी खाल्लेली चार माणसं ७० ची निघतील का ते ज्याचं त्यानं बघावं. आणि ही मर्यादा झाली कागदावरची, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, ती पण जास्त आहे. दुसरा इलाज म्हणजे सकाळी सहाला उडा. २९ अंशांत तोच आकडा तीन हजारांच्या थोडा वर येतो, शिवाय दुपारी जमिनीवरून उठणारे गरम हवेचे झोत आणि वावटळी पण लागत नाहीत.

तिसरा बरेच जण विसरतात, मिक्स्चर, म्हणजे हवेत किती पेट्रोल मिसळायचं ते ठरवणारा लाल नॉब. शिकवताना सांगतात की ३,००० फुटांच्या वरच्या धावपट्टीवर टेकऑफच्या आधी पेट्रोल थोडं कमी करून घ्यायचं, आणि सोनेगाव तर हजारच फुटांवर म्हणून लाल नॉब पूर्ण आत, म्हणजे पेट्रोल पूर्ण. पण इंजिनला नकाशावरची उंची कुठे माहीत असते, त्याला मे च्या दुपारी पाच हजारांची हवा मिळत असते आणि त्या हवेला पेट्रोल जास्त होतं, आधीच कमी झालेली ताकद आणखी पडते. तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तसं फुल थ्रॉटलवर आरपीएम सगळ्यात जास्त येईल तिथे सेट करा. आणि हे सगळं एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर बसून करा, एकट्यानं प्रयोग नको.

आता पावसाळा. इथे मला सगळ्यात मजेशीर वाटणारी गोष्ट येते, ती म्हणजे नागपुरात जुलै महिन्यात, बाहेर २६ अंश असताना, इंजिनात बर्फ होतो. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना दाब कमी होऊन ती गार होते आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते, ती उष्णता ओढून घेते, दोन्ही मिळून तापमान २०-२५ अंशांनी, कधी त्याहूनही जास्त खाली येतं. कूलरमध्ये पाणी उडून हवा गार होते तसंच हे, पण कूलर जुलैत काही कामाचा राहत नाही कारण हवा आधीच पाण्यानं भरलेली असते, पेट्रोलला मात्र त्या पाण्याशी काही देणंघेणं नाही, ते आरामात उडतं आणि हवेतलं पाणी गळ्यात गोठून बसतं. मे मध्ये हवा कोरडी म्हणून हा त्रास जवळजवळ नाहीच.

ओळखायचं कसं? फिक्स्ड, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा प्रोपेलर असेल तर आरपीएम हळूहळू उतरतो आणि पायलट नकळत थ्रॉटल पुढे ढकलत राहतो. उतरताना पॉवर कमी केलेली असते तेव्हा धोका सगळ्यात जास्त. कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब, पूर्ण ओढा, अर्धवट नको. आणि ओढल्यावर इंजिन आधी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी त्याच्या पोटात जात असतं, त्या क्षणी घाबरून नॉब परत आत ढकलायचा मोह होतो, तो आवरा, थोड्या वेळात आरपीएम वर येतो. नव्या १७२ मध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, कार्बोरेटरच नाही म्हणून हा प्रश्न नाही, पण त्यांना मे मध्ये गरम इंजिन परत सुरू करताना लाईनमधल्या पेट्रोलची वाफ होऊन छळतं. काहीतरी असतंच.

इंधनात पाणी हा दुसरा पावसाळी ताप. एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं (२०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीतलं बाजारात आणलं, त्याआधी आपल्याला आयातीवर भागवावं लागायचं). ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी टाकीच्या तळाशी जातं आणि उडण्याआधी खालून थोडं काढून बघायचं असतं. नळीत खाली थेंब दिसला तर पाणी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नळी पूर्ण पाण्यानंच भरली तर थर दिसतच नाही, सगळं एकदम स्वच्छ वाटतं. म्हणून रंग बघायचा, निळा नाही म्हणजे गडबड आहे. रात्री टाकी भरून ठेवली की आत दमट हवेला जागा कमी राहते.

विमान जास्त उडाल्यानं जेवढं खराब होत नाही तेवढं उभं राहून होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ते दोन-तीन महिने सहज हँगरमध्ये पडून असतं. लायकमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला बसवलेला असतो, काही आठवड्यांत त्याच्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज धरतो. मग मालक रविवारी येतात, दहा मिनिटं इंजिन जागेवर चालवतात आणि समाधानानं घरी जातात. यानं उलट वाईट होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन तयार होतं, बरंचसं सायलेन्सरमधून जातं पण थोडं पिस्टनच्या कडेनं तेलात उतरतं. ते उडवायला तेल ८० अंशांच्या वर बराच वेळ राहायला पाहिजे आणि ते खरं उड्डाणातच होतं. जमत नसेल तर सरळ प्रिझर्व्हेटिव्ह तेल भरून, हवेची तोंडं बंद करून विमान झोपवून द्या, हे काम आणि बाकी जी काही दुरुस्ती असेल ती लायसन्सवाल्या एएमईकडूनच (विमान दुरुस्तीचा इंजिनिअर), सहीसकट. ऑइल फिल्टर असेल तर दर ५० तासांनी ऑइल, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलायचंच.

पिटो ट्यूबला, म्हणजे एअरस्पीड मोजणाऱ्या नळीला, कव्हर घाला, दोन दिवसांसाठी उभं असलं तरी. मातीची घरटी करणारी कुंभारीण माशी त्या भोकात घर बांधते आणि मग एअरस्पीड खोटा दाखवतो. १९९६ मध्ये बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात पडून १८९ माणसं गेली, त्यात संशय अशाच माशीवर होता. काऊलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत साळुंक्या काड्या भरतात, टॉर्च मारून बघा, गरम इंजिनवर वाळलेलं गवत म्हणजे आगच.

आणि शेजारपाजारच्या पोरांना फोटोसाठी प्रोपेलर धरून उभं करू नका, किल्ली तुमच्या खिशात असली तरी. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, किल्लीकडून जाणारी एक छोटी वायर तुटलेली असली की तो चालूच राहतो, आणि सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असेल तर हातानं जरासा फिरवलेला पंखाही इंजिन सुरू करू शकतो.